सात सहा शून्य शून्य

रास अल खैमाच्या उत्तरेला, दीड हजार फुटांवर
कानातली खरखर थांबली.
आधी बरंच वाटलं.

मग हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली,
आवाज वाढवला, फ्रिक्वेन्सी बदलून पाहिली,
पॅनेलवर एक चापट, घरच्या मिक्सरला मारते तशी.
काही नाही.
सुगुणन सरांचं वाक्य: आधी विमान उडव,
बोलायचं नंतर बघू.

उडवलं. वळवलं.
डावीकडे हजरचे उघडे डोंगर,
खाली खारफुटीत शिरलेलं पाणी, चिखलात कलंडलेली लाकडी होडी.
ट्रान्सपॉन्डरवर सात, सहा, शून्य, शून्य,
मुक्या माणसानं हात वर करावा तसं.

तरी बटण दाबून बोलत राहायचं असतं,
कुणीतरी ऐकतंय असं धरून.
उंची सांगितली. दिशा सांगितली.
टाकीत किती उरलंय तेही.
सांगण्यासारखं संपल्यावर
तोंडातून निघालं, "बरं, येते."

एक घिरटी. टॉवरच्या काचेतून हिरवा दिवा,
न लुकलुकणारा.
पंख हलवले, एकदा उजवा, एकदा डावा.
चाकं टेकली, जरा जोरातच.

मर्झूक टॉवरचा जिना उतरून आला.
"आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुलाच येत नव्हतं.
ते शेवटचं काय, येते?"
म्हटलं, आमच्यात निघताना म्हणतात.
दर वर्षी मिरजेच्या घरातून निघताना म्हणते.
"पण तू तर येतच होतीस."
हो रे.
आज तेवढं खरं होतं.