हजेरी

साखर पेठेतल्या आमच्या ज्येष्ठ संघात
वही मी लिहितो.
गिरणीत टाइमकीपर होतो.
भोंगा बंद पडला त्या दिवशी
हजेरीची वही तेवढी घरी आणली,
बरीच पानं कोरी होती.

पूर्वी सोपं होतं.
एकोणीस पुरुष, दोन कॅरम, एक पेपर,
तोही पान-पान वाटलेला.
निधनवार्ता संगप्पा बिराजदारांकडे;
चष्मा पुसून ते मोठ्यानं वाचायचे,
पगारपत्रक वाचावं तसं.
सलग चार दिवस कुणी आलं नाही
की मी विचारायचो नाही.
नावावर रेघ.

मग बालमणी कोडम आली.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई,
दारात चपला काढत म्हणाली,
"बायकांनी बसायचं नाही असं कुठं लिहिलंय? दाखवा वही."
दाखवली.
लिहिलं नव्हतं.
लिहायची वेळच आली नव्हती आमच्यावर.

पुढच्या आठवड्यात सातजणी.
एक कॅरम भिंतीला टेकला.
पाणी येईल त्या दिवशी संघ बंद, असा ठराव झाला,
तेव्हा आम्हा पुरुषांना कळलं
पाणी कुठल्या दिवशी येतं ते.
बोलताना त्यांची बोटं चालूच असतात,
पान नाही, तंबाखू नाही,
नुसती हवा वळतात आणि टोक दुमडतात.
मस्तान नदाफ त्यांच्याकडून तेलुगू शिकतोय,
शेजारीण तीस वर्षं काय म्हणत होती
ते आता कळतंय म्हणे, आणि हसत सुटतो.

संगप्पा पुण्याला गेले, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर.
रोज चारला मोबाइलवर येतात.
शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून ठेवतो त्यांना.
कधी नुसतं कपाळ दिसतं, कधी पंखा.
"ऊन किती आहे रे?" विचारतात.
आम्ही मोबाइल खिडकीबाहेर धरतो.
तिकडं ते डोळे बारीक करतात.

नावापुढं काय लिहू?
हजर म्हणावं तर खुर्ची रिकामी.
गिरणीत फाटकाच्या आतला हजर,
बाहेरचा खाडा.
फाटकच नसेल तर काय, ते कुणी शिकवलं नाही.

काल रेंज गेली.
चेहरा थिजला, तोंड अर्धं उघडं.
कॅरमची सोंगटी कोपऱ्यात पडली तेवढाच आवाज.
माझा हात सवयीनं रेघेकडे गेला.
बालमणीनं पेनावर बोट ठेवलं,
"थांबा की. ते चक्र फिरतंय अजून."

बघत बसलो सगळे,
चटणीची बरणी
आणि तिला टेकलेला माणूस.