काटा शून्यावर

एकतीस वर्षं मी वजनमापं तपासली.
रावेरच्या केळीवाल्यांची, धरणगावच्या जिनिंगची,
पारोळ्याच्या सराफाची तर गुंजेपर्यंत.
माल नंतर. आधी रिकामा काटा बघायचा,
शून्यावर उभा राहतो का.
पुष्कळ काटे रिकामे असतानाच खोटं बोलतात.

निवृत्तीनंतर लिफाफा आला:
पोलीस तक्रार प्राधिकरण, अशासकीय सदस्य.
बायको म्हणाली, आता कोणाला तोलणार?

अनेरच्या पलीकडचं ठाणं. मे महिना,
खिडकीचे गज हाताला लागत नव्हते.
तपासणीला आलो ती गाडी ठाण्याची,
ड्रायव्हर ठाण्याचा, माठातलं पाणीही ठाण्याचंच.
चहाचे दहा रुपये मी टेबलावर ठेवले
आणि पावती मागितली.
साहेब हसले.
मी थांबलो.

तक्रार अर्धं पान होती.
रुमाल बारेला, वय बावीस,
विहिरीवरची मोटार चोरल्याचा संशय,
रात्री उचलला, तिसऱ्या दिवशी सोडला.
तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही.
खाली आईचा अंगठा, शाईत इतका बुडवलेला
की रेषा उमटल्याच नव्हत्या,
नुसता काळा डाग.

स्टेशन डायरी उघडली.
अकरा तारखेचं पान सुवाच्य, एका पेनाचं,
रात्री साडेअकरापासून पहाटे पाचपर्यंत
लिहिणाऱ्याचा हात कुठेच दमला नव्हता.
कॅमेऱ्याचं विचारलं.
हवालदार आमच्या अमळनेरकडचा निघाला,
आवाज खाली आणून अहिराणीत उतरला:
"आप्पा, त्या रातले लाइट गयथी ना."
एक वाजून दहा ते चार चाळीस.

ठाण्याच्या भिंतीला भिंत लावून
सुपडू चौधरीचा बर्फाचा कारखाना.
याची दोन हलकी वजनं मी जप्त केली होती,
खटला भरला होता, पोरीच्या लग्नाच्या महिन्यात.
त्याने ओळखलं. खुर्ची दिली नाही.
लाकडाच्या भुशाच्या पोत्यावर बसलो.
रजिस्टर मात्र त्याने स्वतःच काढलं,
थुंकी लावून पानं उलटली:
अकरा तारीख, रातपाळी, एकशे चौदा लाद्या.
फीडर दोघांचा एकच.
साडेतीन तास कॉम्प्रेसर थांबला असता
तर साच्यात पाणी पाणीच राहिलं असतं.
विचारलं, मला का दाखवतोस?
"तुम्ही दंड केला तव्हा पावती दिली व्हती.
तुमच्या आधीच्यांनी नुसता दंडच नेला."

अहवालात मी बर्फ लिहिला.
सोबतचे सदस्य, निवृत्त उपअधीक्षक, माणूस वाईट नाही,
म्हणाले, बर्फ कसला पुरावा, वितळतो.
म्हटलं, रजिस्टर वितळत नाही.
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग सही केली, माझ्या सहीपेक्षा लहान.

आमच्या हातात शिफारस.
शिफारस म्हणजे शिक्का न मारलेलं वजन,
उचलायला तेवढंच जड
आणि बाजारात चालत नाही.
ती मुंबईला गेली. तिथून पोच आली,
पोचेवर जावक क्रमांक, क्रमांकाखाली
माझं आडनाव चुकलेलं.

सुनावणीनंतर जळगावच्या स्टँडवर
चोपड्याच्या गाडीला रुमाल उभा होता.
मी बोलायला लागलो तसा
तो माझ्याभोवती फिरून पलीकडे आला,
उजवा कान माझ्याकडे केला.
विचारलं त्याने, कधी.
तारीख मला माहीत नव्हती.
एखादी सांगता आली असती, दिवाळीनंतरची वगैरे.
माहीत नाही, म्हणालो.
गाड्यांचा गोंगाट होता,
त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून
पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.

"आलं ऐकू," तो म्हणाला,
"पहिल्यांदाच आलं."