मूस

प्लॅटिनमची मूस, नग एक.
रजिस्टरमधली नोंद बाबांच्याच अक्षरात,
मिशनच्या शाळेत छडी खाऊन वळवलेल्या.
नाताळच्या सुट्टीनंतर ती कपाटात नव्हती.
किल्ली बाबांकडे. एवढा पुरावा
डबीर सरांना पुरला.

पोलीस नकोत, कॉलेजचं नाव जाईल, म्हणाले.
म्हणून पगारातून बावीस रुपये,
एकतीस महिने.
आईने दूध पावशेरावर आणलं,
विल्सनची चित्रकला सुटली,
आणि मी क्वार्टर गेटवरून शाळेत चालत जाताना
प्रत्येक दगडाला डबीर म्हणून लाथ मारली.

देवळातसुद्धा
दानाची थैली फिरवायचं काम
पंचांनी हळूच दुसऱ्याला दिलं.
थैली पुढे आली की बाबा चार आणे टाकत
आणि हात बाहेर काढून
जरा जास्तच वेळ उघडा धरत.
तेवढाच त्यांचा बचाव.

रोज सायकल, लकडी पूल, कॉलेज.
रोज सरांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास, झाकण घालून.
रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत
सरांच्या वाढलेल्या साखरेचं नाव यायचं,
आमटी गार व्हायची.

एकदा मी चौदा वर्षांच्या तोंडाने विचारलं,
सौम्यांना वतन मिळतं म्हणता,
तुमच्या आज्याला होतंच की वतन गावात,
मेलेली ढोरं ओढायचं. तेच का हे?
आईचं लाटणं थांबलं.
बाबा म्हणाले, आजा खाली बघून जोहार घालायचा.
मी सरांच्या डोळ्यांत बघून गुड मॉर्निंग म्हणतो.
त्यांनाच बघवत नाही.

मग सर निवृत्त झाले. टेबल पॉलिशला काढलं,
आणि खालच्या खणामागच्या फटीतून
फिल्टर पेपरात गुंडाळलेली,
वर सरांच्या हातची तारीख घातलेली
मूस बाबांच्या तळव्यात पडली.
खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी ती धुतली. आच दिली,
गार होऊ दिली, तोलली.
मिलिग्रॅमही कमी नव्हती.
रजिस्टर उघडून लिहिलं: सापडली.
तारीख. सही, या. ध. अमोलिक.
कुठे, ते लिहिलं नाही.
फिल्टर पेपर बर्नरवर धरला.

हे मला कळलं ससूनच्या वॉर्डात,
त्यांच्या शेवटच्या आठवड्यात, सलाइन बदलता बदलता.
आणि पैसे? मी ओरडलेच.
अर्जात कारण लिहावं लागलं असतं, म्हणाले,
आणि कूस बदलून झोपले,
खरंच झोपले, घोरायला लागले.

माझी आता साठी झाली.
ते रजिस्टर अजून उघडतं रात्रीबेरात्री,
आणि "सापडली"च्या पुढे दीड ओळ कोरी दिसते.
कधी पेन टेकवून नुसती बसते.
कधी लिहितेसुद्धा, ठळक, नावानिशी.
मग खोडते.