साडेसात

सासऱ्यांच्या वरच्या खिशात एक वही असते.
तारीख, दुकान, पदार्थ, शेरा,
आणि शेवटी गुण, दहापैकी.
एकतीस वर्षं त्यांनी नोट प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा उजेडात धरून तपासल्या.
शाई फुटली, आकडा सरकला, कड तिरकी गेली
की काढ बाजूला.
तीच नजर आता मिसळीवर.

‘सीबीएसजवळ. कोथिंबीर कालची. साडेपाच.’
‘पंचवटी, साबुदाणा वडा. बाहेरून सोनं, आतून खोडरबर. चार.’
‘कॉलेज रोड, पावभाजी. लोणी सापडलं, भाजीचा तपास चालू.’
‘व्याह्यांसोबत थाळी. भूक लागली होती म्हणून सहा.’

साडेसातच्या वर कुणी गेलेलं नाही.
सासूबाईंचं भरलं वांगंसुद्धा नाही.
(त्या साडेसातवर घरात दोन दिवस अबोला होता.)

मी कोल्हापूरची.
लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी
व्हॅगनारमध्ये कोंबून सगळे मला घेऊन गेले.
काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही,
आणि वाटीत एकटी पडलेली जिलेबी.
"कशी आहे आमची?"
"चांगली आहे," मी म्हटलं, "पण हिला मिसळ का म्हणायचं?"
पंकजच्या हातातला पाव हातातच राहिला.
सासरे हसले नाहीत. वही काढली.
‘सून. स्पष्ट. बघू.’
गुणांची जागा कोरी.

या जानेवारीत त्यांना ताप आला, आठवडाभर राहिला,
आणि जाताना वास घेऊन गेला.
वासामागोमाग चव.
येईल परत, डॉक्टर म्हणाले, कधी ते सांगता येत नाही.
वही फ्रिजवर पडून राहिली, वीजबिलांच्या खाली.
चहाला ते म्हणायचे, गरम.
आमटीला म्हणायचे, पातळ.
एवढंच उरलं होतं.

मग एका रविवारी न सांगता
स्वतःच गाडीत जाऊन बसले.
"पंकजला गोड सोडून काही कळत नाही.
हर्षदाला सगळंच मस्त लागतं.
आणि तुझी सासू माझ्यावरचा राग पदार्थावर काढते.
तू खा. तू सांग. मी लिहितो."

मखमलाबादकडे, द्राक्षबागेच्या कडेला,
पत्र्याखाली भामऱ्यांची चूल.
धूर वारा फिरेल तसा टेबलं बदलत होता.
मी पहिला घास घेतला आणि अचानक
परीक्षेला बसल्यासारखी झाले.

"खोबरं जरा पुढे गेलंय भाजताना.
कडू नाही. कडूच्या एक घर अलीकडे.
मटकीचे मोड शाबूत आहेत.
तिखट आधी कळत नाही,
दुसऱ्या घासाला घशात येऊन बसतं."
ते लिहीत होते, ओठ हलवत,
जणू घास त्यांच्याच तोंडात फिरतोय.
"लसूण?"
"आहे. मागे उभा आहे."
"आणि तुमच्या कोल्हापूरपेक्षा?"
"ते नका विचारू."
तेही लिहिलं.

"गुण?"
"आठ," मी म्हटलं.

पेन थांबलं.
आठ का म्हटलं, मलाही माहीत नाही.
डोळ्यांत धूर गेला म्हणून,
की त्यांनी आपली जिलेबी न चाखता
ओजसच्या ताटलीत सरकवली म्हणून.

त्यांनी पापड उचलला,
कानाजवळ नेला,
मोडला.
"मऊ आहे," म्हणाले. "वाजलाच नाही."
आठावर काट मारली.
खाली, जुन्याच अक्षरात, साडेसात.

पळी घेऊन भामरे आले, "काका, रस्सा?"
"तिला वाढा," त्यांनी पेनाने माझ्याकडे दाखवलं,
"माझी जीभ तिकडे बसलीय."

पोट भरलं होतं.
मी वाटी पुढे केली.