नाव घातलेला पाट

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत
शर्वाणी नावाची मुलगी पाट मागत फिरली.
जुना हवा म्हणाली, बसून झिजलेला.
मी माळ्यावरचा काढून दिला.
तिने पावती दिली. पाटाची पावती!

मग तुर्भ्याच्या बंद पडलेल्या शीतगृहात
बोलावलं बघायला.
थंडी कधीच निघून गेलेली,
बटाट्याचा वास मात्र मुक्कामाला.
एकेचाळीस पाट छतापासून टांगलेले,
डोक्याच्या वर हातभर,
आणि खाली फरशीवर
एकेका पाटापुरती रांगोळीची चौकट, आत काही नाही.

माझा मी बुडावरून ओळखला.
आबांनी डांबराने घातलेलं नाव:
ग. रा. सपकाळ, ता. जावळी.
लग्नघरी गेलेले पाट परत यावेत म्हणून.
परातीवर घातलं, तांब्यावर घातलं,
सर्जेरावाच्या पाठीवर घालायचं राहिलं.
तो मस्कतला क्रेन चालवतो.
नऊ वर्षं झाली.

भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं, ही रीत.
पण बीजेची कोर ती, केवढीशी,
वात सारखी करेपर्यंत टॉवरमागे जाते.
एका वर्षी मी
टॉवरच्या गच्चीवरल्या लाल दिव्यालाच ओवाळून आले.

भिंतीवर चिठ्ठी: लाकूड, दोरी, रांगोळी.
कृपया हात लावू नये.
माझ्याच पाटाला!

शर्वाणीला म्हटलं, एवढा एक खाली घे.
तिचा भाऊ कुठे असतो ते विचारलं नाही.
तिने दोरी सोडली, सावकाश,
विहिरीत कळशी सोडावी तशी.

बीज नव्हती, साधा मंगळवार होता.
बसायला वॉचमन, मोतिहारीचा रामसकल.
बूट काढले तर मोज्याला भोक,
लाजला.
डोक्यावर टोपी होतीच.
कुंकू माझ्या पर्समधल्या पुडीतलं,
तांदूळ त्याच्याच रात्रीच्या भाताचे,
दिवा म्हणून मोबाइलची बॅटरी.
तीन वेळा फिरवली, तर त्याचे डोळे दिपले
की काय झालं, पुसत राहिला.
मग खिसे चाचपत हिंदीत विचारलं,
तुमच्यात किती घालतात?

पाट तिने परत वर ओढला नाही.
चिठ्ठीवर काही खोडलं, काही लिहिलं,
मी चष्मा नेला नव्हता.
अक्षता कुणी झाडायच्या नाहीत, म्हणाली.

पण गोदामातले उंदीर, त्यांना कोण सांगणार.
सकाळी रामसकलचा फोन:
दीदी, सब खा गए.
हसत होता.