डागी फरशी

लॉबीची फरशी पहिल्यांदा घासली त्या दिवशी
दळलेल्या दगडाचं पांढरं पाणी रामसुमेरनं ओढून काढलं,
मशीन बंद केलं आणि मला हाक मारली.
लिफ्टपासून दीड हातावर,
मधासारख्या पिवळ्या दगडात
आठ काळपट गोल. ओळीनं.
कॅरमच्या सोंगट्यांची चळत
कुणीतरी आडवी निजवलेली.

सेक्रेटरी घैसास खाली आले,
चपलेच्या टोकानं उकरून पाहिलं.
"डागी माल. कच्छवाल्याला फोन लावा."

पण तिसऱ्या मजल्यावरच्या परेराबाई आल्या,
चाळीस वर्षं कॉलेजात पोरांना दगड शिकवलेल्या.
गुडघा बदललेला, तरी खाली टेकल्या,
माझ्या बाटलीतलं पाणी शिंपडलं,
एकेका गोलावरून बोट फिरवलं
आणि हरवलेल्या पोराचं नाव घ्यावं तसं म्हणाल्या,
इक्थिओसॉर.

कमिटीला समजावलं त्यांनी:
डोळा जेवणाच्या ताटाएवढा, भोवती हाडाचं कडं.
अंडी नाहीत, पिल्लं थेट पाण्यात.
पूर्वज जमिनीवर चालायचे, हे परत समुद्रात गेले,
पण कल्ले काही परत मिळाले नाहीत;
श्वासाला वर यावंच लागे.
घैसासांचा प्रश्न एकच,
"म्हणजे मासा नाही ना?"
"नाही. सरपटणाऱ्यांच्या गोतातला."
"मग राहू द्या."

कारण आमच्या दारावर पाटी आहे:
मासळीची पाटी आत आणू नये.
मीच लावली ती, चार स्क्रू मारून.
मथुरा तांडेल माहीमच्या कोळीवाड्यातून येते,
ती वाचत नाही, तिला पाठ आहे;
मागच्या जिन्यानं चढते, सहा मजले.

काल दुपारी कमिटी झोपलेली.
म्हटलं, बघायचंय?
पाटी बाहेर ठेवून आत आली.
ओले पाय उमटले फरशीवर, मी पुसले नाहीत.
"मनके हायेत," ती उकिडवी बसून म्हणाली.
श्वासाचं सांगितलं, तर हसली,
"म्हंजे आमच्या गाद्यासारखा."
मग लादीच्या कडेपर्यंत बोट नेलं,
पुढच्या लादीवर. तिथे काही नव्हतं.
"बाकीचा कुठं हाय?"

रामसुमेरनं मला सांगितलं तेच सांगितलं:
एका ठोकळ्याच्या चाळीस लाद्या निघतात,
ऑर्डर असेल तिकडे जातात. मुलुंड, चेंबूर,
कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या देव्हाऱ्याखाली.
डोळाही असेल कुठेतरी,
सिमेंटकडे तोंड करून.

मथुरानं पदर खोचला.
"म्हंजे वाटे लागले त्याचे."
चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर पाटी,
आणि मागच्या जिन्यानं
वर गेली.