फळ्या बदलताना

चाव्यांचा जुडगा बाबांकडून आला,
त्याच्यासोबत रविवारही आले.
आमच्या चिलोएच्या या टोकाला पाद्री वर्षातून दोनदा येतो,
तोही समुद्राची मर्जी असेल तर.
एरवी देवळाचं दार मी उघडते,
घंटा मी, मेणबत्त्या मी,
मयताला प्रार्थना म्हणणारीही मीच.

जूनमध्ये, ऐन थंडीत, ओर्तेन्सियाचं बाळ गेलं.
पेटी इतकी लहान
की तिच्या नवऱ्याने ती काखेत धरून आणली,
पाव आणावा तशी.
मी प्रार्थना म्हटली. कुठेही न अडखळता.
आणि अर्ध्यावर मनात आलं,
मी बोलतेय कुणाशी?
वर लाकडी छत, उलट्या नावेसारखं,
आणि नावेत कुणीच नाही.

हे सांगायचं कुणाला?
ज्यांना सांगावं
ते सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते.

त्या हिवाळ्यात मी देवळात जात राहिले,
श्रद्धा होती म्हणून नाही,
चावी माझ्याकडे होती म्हणून.
दोर ओढला, काजळी खरवडली,
देवाशी अबोला धरला.
फक्त फरशी पुसताना कधीतरी तोंडून जायचं,
‘एवढा चिखल आणतं कोण, ते तरी बघ.’
(तेवढंच बोलणं. मोजायचं असेल तर मोज.)

ऑक्टोबरात लिबोरियो मिलालोंको वाकस घेऊन आला.
वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, खिसाभर खिळे.
उत्तरेकडची भिंत पाऊस खाऊन खाऊन फुगली होती.
डॉक्टर पाठ ठोकतो तशी एकेक फळी ठोकून
कान लावून म्हणायचा,
‘ही गेली. ही गेली. ही आहे अजून.’

मी विचारलं, ‘पहिल्या बांधणीतलं
किती लाकूड उरलं असेल?’
तो हिशेब करत बसला.
छत त्याच्या बापाने बदललं, खांब त्याने स्वतः,
भूकंपानंतर पाया सगळ्या गावाने.
‘काही नसेल उरलं,’ म्हणाला,
जसं काही त्यात सांगण्यासारखं नव्हतंच.

‘मग हे तेच देऊळ कसं?’

‘एका वेळी एकच फळी काढतो बाई आपण.
बाकीच्या तोवर धरून ठेवतात.’

मी खाली उभी, खिळे पुरवत.
माझ्याही किती फळ्या गेल्या होत्या.
हरवलेला चाकू शोधून देणारा देव,
वहीत माझी पापं टिपणारा देव,
चांगल्या माणसांची बाळं राखणारा देव.
ही शेवटची निघताना फार मोठा आवाज झाला होता.

भोकातून वारा आत आला, ओहोटीचा वास आला,
आणि शिंपल्यांची बादली घेऊन वर चढणारी ओर्तेन्सिया दिसली.
दारात टेकली. धाप लागली होती.
का कोण जाणे, मी बोलून गेले,
‘त्या दिवशी मी रिकामीच म्हणत होते गं, प्रार्थना.’
‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘मीही ऐकत नव्हते.’
‘मग?’
‘मग काय. म्हटली गेली ना.’
आणि तिने मूठभर शिंपले काढून
लिबोरियोच्या टोपीत टाकले.

उत्तर मला अजून मिळालेलं नाही.
त्या पेटीबद्दल मी रोज विचारते,
रागाने विचारते, पण आता विचारते त्यालाच,
छताला नाही.

नवी फळी पिवळीधमक आहे, भिंतीत उपरी दिसते.
दोन पावसाळे गेले की करडी पडेल, लिबोरियो म्हणतो.
तोवर तिच्यापाशी उभी राहून घंटा वाजवते.
एक हात दोरावर,
दुसरा, उगाचच, भिंतीला लावून,
कोण कुणाला धरून आहे
ते अजून नीट कळलेलं नसताना.